चौदा बाय सातशे त्रेचाळीस

दहा हजार चारशे दोन. भाऊजींनी हा आकडा खडूने टेबलावरच लिहिला, त्याच्याभोवती गोल काढला आणि "बघू या कसा फुटत नाही ते," असं म्हणत बाह्या वर सारल्या. भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. शाळेत गणित शिकवायचे. मोठा आकडा दिसला की त्यांना जेवणाचीसुद्धा शुद्ध राहत नसे. बारकी समोरच्या स्टुलावर बसून त्यांच्या खडूकडे बघत होती आणि तिला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

बारकी आता बारकी राहिली नव्हती, चाळिशीला टेकली होती. पण घरात एकदा चिकटलेलं नाव सुटतंय कुठे! बाबा त्याच नावाने हाक मारायचे, ताई मारायची, गिलावा करणारे काकाही मारायचे. बाबांचा कारखाना होता दगडी खड्यांच्या चित्रांचा. अंगठ्याच्या नखाएवढे चौकोनी खडे, रंगीत, एकाला एक लावून भिंतीवर चित्र. खडे फोडायची बारकी आणि चित्र मांडायचे बाबा. ते कसं? तर पडद्याआड. चित्र भिंतीवर पुरं चढेपर्यंत कोणी बघायचं नाही, भिंतीपुढेही पडदाच, असा त्यांचा दंडक. कागदावर आधी काढूनही घ्यायचं नाही, ती म्हणे नक्कल झाली. हजारो खडे फोडून हाताला घट्टे पडले बारकीच्या, आणि बघायला मात्र तिला बंदी! आता याला काय म्हणावं?

बरं, जिवंत असताना चालून गेलं. पण बाबा गेले. दवाखान्याच्या नव्या इमारतीत, लोक जिथे नंबर लागायची वाट बघत बसतात त्या दालनासाठी, एक मोठं चित्र त्यांनी पडद्याआड पुरं केलं, आपल्या पद्धतीने ओळीमागून ओळ उचलून पेट्यांत भरलं आणि दुसऱ्याच दिवशी छातीत कळ येऊन पडले ते उठलेच नाहीत. आता पेट्या होत्या आणि चित्र कसलं ते कोणालाच माहीत नव्हतं.

पेट्या सपाट लाकडी. एका पेटीत चारशे घरं, घराघरात एक खडा. वरच्या ओळीचा डावीकडचा पहिला खडा पहिल्या घरात, त्याच्या शेजारचा दुसऱ्या घरात, असं करत जायचं. पेटी भरली की पुढची पेटी. चित्राची ओळ कुठे संपते त्याची खूण करायची नाही, कारण ते बाबांच्या डोक्यात पक्कं असायचं. सव्वीस पेट्या गच्च भरल्या होत्या आणि सत्ताविसाव्या पेटीत, आपलं कोणी नसल्यासारखे, दोनच खडे बसले होते. झाले दहा हजार चारशे दोन.

"चित्र चौकोनी आहे ना?" भाऊजींनी विचारलं.

"चौकोनीच. भिंतीत कोनाडा करून ठेवलाय काकांनी. जवळजवळ चौरस, उंचीला जरासा जास्त."

"मग कोनाडा मोजायचा, खडा मोजायचा, संपलं!"

"खडा हाताने फोडलेला असतो भाऊजी, एकसारखा नसतो. आणि दोन खड्यांत फट किती सोडायची ते बाबांचा हात ठरवायचा. त्या कोनाड्यात ओळीला अठ्ठ्याण्णवही बसतील, एकशे चारही बसतील."

"हरकत नाही. आकडाच सांगेल. ओळी गुणिले ओळीतले खडे, बरोबर दहा हजार चारशे दोन आलं पाहिजे. फोडू या त्याला." भाऊजी टेबलावर वाकले तसं टेबल डुगडुगलं आणि खडू मोडला. "अरे, या टेबलाला काहीतरी लाव गं बाई!"

बारकीने इकडेतिकडे बघितलं. मग पर्स उघडली, तळाशी पडलेला एक पिवळा खडा काढला, वाकून टेबलाच्या पायाखाली सरकवला आणि वर टाचेने ठोकला. जरा जास्तच जोराने ठोकला.

त्या खड्यावर तिचा राग होता. दवाखान्यात शेवटच्या दिवशी बाबांच्या तोंडावर प्राणवायूची नळी होती, बोलता येत नव्हतं. ताई आली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. बारकी आली तेव्हा उशीखालून हा खडा काढला, तिच्या तळहातावर ठेवला आणि तिची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली. झालं. पोरीने वीस वर्षं खडे फोडले म्हणून जाताना तिला खडाच दिला! कारखाना पुढे तू चालव, तुला येतं, एवढं तिला ऐकायचं होतं. मानेने खुणावलं असतं तरी चाललं असतं. एवढं एकच तिला हवं होतं आणि तेवढंच बाबांनी दिलं नाही, हे तिच्या मनातून जात नव्हतं.

"दोनने भाग गेला," भाऊजी म्हणाले. "पाच हजार दोनशे एक. आता हा. तीनने नाही. पाचने नाही. सातने... सातने गेला! सातशे त्रेचाळीस." ते हात चोळायला लागले. मग बराच वेळ पुटपुटले, खडू नाचवला, आणि हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. "सातशे त्रेचाळीस कशानेच जात नाही. मूळ संख्या आहे. अख्खीच्या अख्खी."

"म्हणजे काय?"

"म्हणजे दोन, सात आणि सातशे त्रेचाळीस, एवढेच या आकड्याचे तुकडे. त्यातून चौकट करायची तर चौरसाच्या जास्तीत जास्त जवळची होते ती चौदा बाय सातशे त्रेचाळीस."

बारकीने डोळ्यांपुढे आणून बघितलं. दीड वीत उंच आणि खोलीबाहेर, अंगणातून, रस्त्यापर्यंत गेलेलं चित्र. "भाऊजी, ही भिंत आहे की फीत?"

"मी काय करू? आकडा खोटं बोलत नाही."

"मग बाबा खोटं बोलले?"

 भाऊजींनी सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून भागाकार केला आणि पुन्हा तेच आलं. ताई चहा घेऊन आली, टेबलाकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं, आणि म्हणाली, "दवाखान्याच्या साहेबांचा फोन होता. सोमवारी सकाळी चित्र भिंतीवर दिसलं नाही तर कोनाडा बुजवून रंग मारणार म्हणतायत. बारके, राग मानू नकोस, पण जमत नसेल तर सांगून टाक. कारखान्याला कुलूप लावू. बाबांसारखं बाबांनाच जमायचं."

ताई वाईट नव्हती. पण असं बोलायची की ऐकणाऱ्याला जेवण गोड लागू नये.  बारकीलाही मनातून तेच वाटत होतं आणि त्याचीच तर तिला चीड आली होती.

शुक्रवारी सकाळी तिने जमीन झाडून घेतली, पहिली पेटी उघडली आणि मांडायला बसली. "शंभराची ओळ धरते," म्हणाली. "काहीतरी धरल्याशिवाय दिसणार काय?"

"शंभरने भाग जात नाही, दोन उरतात!" भाऊजी कळवळले.

"उरू देत. तुमच्या फितीपेक्षा बरं."

दुपार झाली तेव्हा सात पेट्या रिकाम्या झाल्या होत्या आणि जमिनीवर अठ्ठावीस ओळी होत्या. तिघंही उभी राहून बघायला लागली. वरची ओळ पूर्ण काळी. खाली करडं, तपकिरी, मध्येच पांढरट, सगळं तिरपं वाहत गेलेलं, ओल्या चित्रावरून कोणी बाही फिरवावी तसं. आणि त्यातून दोन दोन काळ्या खड्यांची एक रांग डावीकडून उजवीकडे, पायरी पायरीने, खाली उतरत गेलेली.

"जिना!" ताई एकदम म्हणाली. "बघा, जिना आहे! दवाखान्यात जिना असतोच की."

भाऊजींनी मान हलवली. "जिना आणि मागे धुकं असेल. बाबांची कल्पना मोठी."

बारकीला वाटलं, असेलही बाई. मग वाटलं, छे. मग पुन्हा वाटलं, असेल. शेवटी ती गुडघ्यांवर बसली आणि जिन्यावरून बोट फिरवायला लागली. "काळा दगड माझ्याकडून बाबांनी कधी चित्रासाठी घेतला नाही," ती म्हणाली. "काळा फक्त किनारीला. दर वेळी. ही किनार आहे. पण किनार अशी मधून का चाललीय? आणि दोन दोन का?"

"किनार?" भाऊजींनी चष्मा कपाळावर चढवला, तिच्या शेजारी खाली बसले, आणि त्यांच्या विजारीला सगळी धूळ लागली. "एका ओळीचा शेवटचा काळा, आणि लगेच पुढच्या ओळीचा पहिला काळा. म्हणून दोन! आणि दर ओळीला एक एक घर उजवीकडे सरकतायत. अगं, आपण दर ओळीत एक खडा कमी मांडतोय. ओळ शंभराची नाहीच. एकशे एकाची आहे!"

बारकीला पुरतं कळलं नाही, पण 'एक कमी' एवढं कळलं. सगळं पुन्हा मांडायचं होतं. ताईने कुरकुर केली आणि सगळ्यांच्या आधी तीच खाली बसली.

शनिवारी दुपारपर्यंत निम्मं चित्र उतरलं होतं. दोन्ही किनारी ओळंब्याला लावल्यासारख्या सरळ. वर अंधारलेली खोली. मध्ये मान खाली घातलेली एक बाई, केस करकचून मागे बांधलेले, कपाळावर दगडाची भुकटी. ताई बहिणीकडे बघायची, चित्राकडे बघायची, पुन्हा बहिणीकडे. बारकी वर बघतच नव्हती. कुठली तरी बाई असेल, ती स्वतःला सांगत होती, केस काय सगळ्याच बायका बांधतात.

आणि मग अर्ध्यावर सगळं बिघडलं. बाईचे हात यायला लागले होते, ते मध्येच एक घर डावीकडे घसरले. मनगट तुटलं. डावीकडची काळी किनार गायब झाली आणि उजवीकडे दोन काळ्या रेघा आल्या. ती तशीच पुढे मांडत गेली, आता सरळ होईल मग सरळ होईल म्हणत. नाही झालं. संध्याकाळ व्हायच्या आत सत्ताविसाव्या पेटीतले दोन खडेही संपले आणि शेवटच्या ओळीत, अगदी उजव्या कोपऱ्यात, एक घर रिकामं राहिलं.

"शंभरच," भाऊजी म्हणाले. "शेवटच्या ओळीत शंभरच भरले. एक खडा कमी आहे."

"हरवला!" ताईने कपाळाला हात लावला. "तरी मी सांगत होते, झाडू मारताना बघून मारा. कोणी झाडलं काल?"

"मी झाडलं, पेट्या उघडायच्या आधी!" बारकी म्हणाली.

"मग तुमच्या विजारीला चिकटला असेल!" ताई नवऱ्याकडे वळली.

भाऊजींनी खिसे उलटे केले. तिघंही जमिनीवर रांगायला लागली. तेवढ्यात दारात काका उभे राहिले, दवाखान्यातल्या कोनाड्यात गिलाव्याचा पहिला हात मारून, कोपरापर्यंत चुन्याने माखलेले. बाबांच्या बरोबरीने आयुष्य काढलेला माणूस. तीन थोराड माणसं चार पायांवर बघून ते म्हणाले, "हे काय चाललंय?"

"काका, खडा हरवलाय," बारकी रडकुंडीला आली होती. "दहा हजार चारशे दोनच आहेत. एक कमी आहे. आणि मधूनच सगळं बिघडतंय, मला काहीच कळत नाहीये."

"कमी कुठे? पेट्यांत दहा हजार चारशे दोनच असणार. मधला कसा असेल?"

"मधला म्हणजे?"

"मधला खडा पेटीत जात नसतो," काका म्हणाले, जणू पाणी ओलं असतं असं सांगावं तसं. "तो मालकाच्या खिशात. भिंतीवर सगळं लागलं की शेवटी मालक लावतो. तुमच्या आजोबांपासून असंच आहे. तुम्हाला ठाऊक नाही? मला वाटलं ठाऊक आहे. मला कोणी विचारलंच नाही!"

भाऊजी उठून टेबलाकडे धावले. "दहा हजार चारशे तीन! दोन नाही, तीन!" त्यांनी आकडा टेबलभर मोठा लिहिला. "एकशे एक गुणिले एकशे तीन. बरोब्बर! आणि दोघेही मूळ, एकशे एकही आणि एकशे तीनही. म्हणजे या आकड्याची दुसरी चौकट होऊच शकत नाही. एकच! आपण एकाने चुकलो आणि फीत झाली, अगं. आणि विषम आहे, म्हणून त्याला मधला खडा आहे. पाच हजार दोनशे एक अलीकडे, पाच हजार दोनशे एक पलीकडे. पहिल्या दिवशीच आला होता हा आकडा माझ्या हातात, आणि मी त्याचे सात तुकडे करत बसलो!"

बावन्नाव्या ओळीत, एक्कावन्नाव्या घरापासून त्यांनी खडे एक एक घर पुढे सरकवायला सुरुवात केली. काका आणि ताई एका बाजूने, भाऊजी दुसऱ्या. मनगट जुळलं. किनार जागेवर गेली. हात आले. उजव्या हातात हातोडी, डाव्या हाताची दोन बोटं एकमेकांजवळ आलेली, चिमटीत काहीतरी धरल्यासारखी. आणि त्या चिमटीत, चित्राच्या ऐन मध्यावर, एक रिकामं घर.

चित्रातली बाई कोण हे आता कोणी कोणाला विचारलं नाही. ताईने तोंडावर हात धरला होता.

"हा खडा बाबांच्या सदऱ्यात असेल," काका म्हणाले. "सदरा कुठाय? आजोबांनीही जायच्या आधी तुमच्या बाबांच्या हातात असाच दिला होता, मी होतो तिथे. बोलले काही नाहीत. बोलायचं नसतंच. खडा हातात दिला की कारखाना दिला."

 बारकी गुडघ्यांवर रांगत टेबलाखाली गेली.

"बारके? अगं काय झालं?"

तिने टेबलाचा पाय खांद्याने उचलला. वर भाऊजींचा चहा सांडला, सगळी गणितं वाहून गेली, आणि तिने पायाखालचा पिवळा खडा ओढून काढला. त्याच्या एका कोपऱ्याचा टवका उडाला होता. टाचेने ठोकला होता ना! तो हातात धरून ती टेबलाखालीच बसली आणि लहान मुलीसारखी भोकाड पसरून रडली. "मी टेबलाखाली घातला," ती म्हणत होती. "मला वाटलं, खडाच दिला नुसता. मी टेबलाखाली घातला हो काका!"

ताई टेबलाखाली शिरली. तिला वाकता येत नव्हतं तरी शिरली आणि बहिणीला धरून बसली. "उद्या चढवू आपण भिंतीवर," म्हणाली. "मी कुलपाचं बोलले ते विसर." भाऊजी पुसायला फडकं शोधत होते आणि त्यांना ते मिळत नव्हतं.

"कोपरा गेलाय," काकांनी खडा उजेडात धरून बघितला. "पिवळा ढीगभर पडलाय. दुसरा फोड."

"नाही," बारकी म्हणाली. "हाच लागणार."

रविवार सगळा दवाखान्यातल्या भिंतीवर गेला. सोमवारी सकाळी साहेब आले, हातात रंगाचे नमुने घेऊन. खड्यांकडे बघत राहिले. "मी फुलं सांगितली होती," म्हणाले, मग थोड्या वेळाने, "राहू द्या. बरं आहे हे. वाट बघणाऱ्यांना कोणीतरी काम करताना दिसेल." आणि नमुने बगलेत मारून निघून गेले.

बारकी शिडीवर चढली. मधल्या घरात काकांनी ताजा गिलावा भरून ठेवला होता. खाली ताई उभी होती, भाऊजी उभे होते, फोटो काढायला त्यांनी फोन वर धरला होता.

"चला, बादल्या धुवायच्यात," काका म्हणाले.

"आत्ता?" भाऊजी म्हणाले. "खडा तर लागू द्या!"

"खडा लावताना मालक एकटा असतो. चला."

बारकी शिडीवर तशीच थांबली. वीस वर्षं, दर भिंतीला, अगदी शेवटी बाबा तिला बादल्या धुवायला पिटाळायचे. दर वेळी तिला वाटायचं, आपण नको आहोत. दर वेळी ती नळाखाली बादल्या आपटत बसायची, आणि काका शेजारी उभे राहून एक शब्द बोलायचे नाहीत. ते का उभे असायचे तेही आता कळलं. त्यांनाही पाठवलेलं असायचं.

दालन रिकामं झालं. ती समोरच्या बाईकडे बघत राहिली, कपाळावर भुकटी, मान खाली. म्हणजे पडद्याआडून बाबा एवढं सगळं बघत होते.

"सांगायचं होतं ना तोंडाने," ती मोठ्याने म्हणाली. "इतके दिवस होते तुमच्याकडे. एकदा तरी सांगायचं होतं."

मग तिने तुटका कोपरा खाली येईल असा खडा त्या दोन बोटांच्या मध्ये बसवला, अंगठ्याने दाबून धरला, आणि तो सुटणार नाही एवढा घट्ट झाल्यावर शिडी उतरून नळाकडे गेली. तिथे ताई, भाऊजी आणि काका तिघंही बादल्या धूत होते, आणि एक तिच्यासाठी ठेवली होती.